दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जखमी सैनिकांची नोंदणी: पात्रता, कागदपत्रं आणि प्रशिक्षण

युद्धात पाय किंवा हात गमावून घरी आलेल्या ब्रिटिश सैनिकाला 1945 मध्ये सरकारच्या दोन वेगवेगळ्या खात्यांकडे जावं लागे. पेन्शन हे पेन्शन मंत्रालयाचं काम, तर नोकरी आणि प्रशिक्षण हे कामगार मंत्रालयाचं. पेन्शनवाले अपंगत्वाची टक्केवारी ठरवत. नोकरीवाल्यांना त्या टक्केवारीशी फारसं देणंघेणं नव्हतं. आपल्याकडे दाखला म्हटलं की पहिला प्रश्न ‘किती टक्के?’ असाच असतो, त्यामुळे हा फरक आधी डोक्यात पक्का करायला हवा. तो कळला नाही तर पुढची प्रक्रिया निष्कारण किचकट वाटते.

नोकरीच्या बाजूचा कायदा म्हणजे ‘डिसेबल्ड पर्सन्स (एम्प्लॉयमेंट) अ‍ॅक्ट’. तो 1 मार्च 1944 रोजी मंजूर झाला, म्हणजे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरायला अजून तीन महिने होते. एवढी घाई करण्यामागे पहिल्या महायुद्धानंतरचा अनुभव होता. तेव्हा 1919 मध्ये राजाच्या नावाने एक यादी काढली होती, ‘किंग्ज नॅशनल रोल’. एकूण नोकरांपैकी साधारण 5 टक्के जखमी माजी सैनिक ठेवणाऱ्या मालकाचं नाव त्या यादीत जायचं आणि सरकारी कंत्राटं देताना त्याला झुकतं माप मिळायचं. पण सगळं ऐच्छिक. ज्याला पटलं त्याने केलं, ज्याला नाही त्याला कोणी जाब विचारला नाही. पुढे 1941 मध्ये जॉर्ज टॉमलिन्सन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवर, अर्नेस्ट बेव्हिन कामगारमंत्री असताना, हा सक्तीचा कायदा उभा राहिला. अपंगांची सरकारी नोंदवही ठेवायची आणि तिच्यात नाव असलेल्यांना मालकांनी ठरावीक जागा द्यायच्या, हा त्याचा गाभा.

पात्र कोण?

या कायद्यातली सगळ्यात विचारपूर्वक लिहिलेली गोष्ट म्हणजे अपंग व्यक्तीची व्याख्या. इजा, आजार किंवा जन्मजात व्यंगामुळे ज्याला स्वतःच्या वयाला, अनुभवाला आणि पात्रतेला साजेशी नोकरी मिळवणं किंवा टिकवणं बरंच अवघड जातं, तो अपंग. असं काम स्वतःच्या हिमतीवर करणं अवघड जात असेल तरीही तो याच व्याख्येत बसे. शरीराचं काय बिघडलं एवढ्यावर व्याख्या थांबत नाही, तर कामाचं काय बिघडलं हे ती विचारते.

उदाहरण घेऊ. डाव्या हाताची दोन बोटं गेलेला एक सुतार आणि तीच दोन बोटं गेलेला एक हिशेबनीस. पेन्शनच्या तक्त्यात दोघांची इजा सारखीच. पण सुताराला रंधा नीट धरता येत नाही, पटाशी मारताना लाकूड दाबून ठेवता येत नाही. त्याचा धंदाच बसला. हिशेबनीस दुसऱ्या दिवशी खातेवही उघडून बसू शकतो. नोंदणीचा दावा सुताराचा भक्कम, हिशेबनिसाचा कच्चा. मला हे तत्त्व आजही टक्केवारीच्या पद्धतीपेक्षा जास्त न्याय्य वाटतं. अर्थात अधिकाऱ्याच्या मर्जीला त्यात जास्त वाव राहतो, हेही खरं.

बाकीच्या अटी थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. अपंगत्व किमान सहा महिने टिकेल असं दिसायला हवं (1958 मध्ये ही मुदत बारा महिने झाली). अर्जदाराला पगाराचं काम करायची इच्छा हवी आणि ते मिळण्याची वाजवी शक्यताही हवी. तुरुंगात असलेला किंवा रुग्णालयात पूर्णवेळ दाखल असलेला माणूस अपात्र. आणि हो, हा कायदा फक्त सैनिकांसाठी नव्हता. खाणीत जखमी झालेला कामगार, क्षयाचा रुग्ण, जन्मतः पाय अधू असलेला तरुण, सगळ्यांना तो लागू होता. जागा अपुऱ्या असतील तिथे माजी सैनिकांना, पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही, प्राधान्य द्यावं असं कलम मात्र त्यात होतं.

अर्ज कुठे, कागद कोणते?

नोंदवही सप्टेंबर 1945 मध्ये उघडली. अर्ज करायचा तो जवळच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये, म्हणजे आपल्या सेवायोजन कार्यालयासारख्या ठिकाणी. तिथे या कामासाठी एक खास अधिकारी असे, डिसेबलमेंट रिसेटलमेंट ऑफिसर. सगळे त्याला डीआरओ म्हणत. बरेच सैनिक त्याच्या टेबलापर्यंत चालत जाण्याआधीच तो त्यांच्या खाटेपाशी आलेला असे, कारण रुग्णालयांत फेऱ्या मारणं हा त्याच्या कामाचाच भाग होता. जखम भरत असतानाच पुढच्या कामाचं बोलणं सुरू करायचं, ही टॉमलिन्सन समितीची मूळ कल्पना.

नोंदणी ऐच्छिक होती. कोणी जबरदस्तीने नाव घालत नसे आणि पेन्शन मिळते म्हणून नाव आपोआप चढतही नसे. हे अनेकांच्या लक्षात यायचं नाही.

कागदपत्रांत तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, लष्करातून सुटल्याचा पुरावा. नेहमीच्या पद्धतीने सुटलेल्या सैनिकाकडे रिलीज बुक नावाची लहानशी पुस्तिका असे. तिच्यात वर्तणुकीचा शेरा आणि कमांडिंग ऑफिसरने लिहिलेले दोन-चार ओळींचे शिफारसवजा शब्द असत. ही पुस्तिका पुढे नोकरी मागतानाही उपयोगी पडे. वैद्यकीय कारणाने सुटलेल्याकडे तसा सेवामुक्तीचा दाखला असे. दुसरी, डॉक्टरचा किंवा रुग्णालयाचा अहवाल, ज्यात उभं राहणं, वजन उचलणं, जिने चढणं, धुळीत काम करणं यांपैकी काय जमेल आणि काय नाही याचा उल्लेख हवा. तिसरी, आधीच्या कामाची माहिती. युद्धापूर्वी काय करत होतात, किती वर्षं, कोणाकडे. व्याख्याच कामावर बेतलेली असल्यामुळे हा शेवटचा कागद हलका समजून चालत नसे. पेन्शन मंजुरीचं पत्र असेल तर पुरावा म्हणून चाले, पण ती अट नव्हती.

अर्ज थेट फेटाळायची मुभा अधिकाऱ्याला नव्हती. नकार द्यायचा झाला तर प्रकरण आधी स्थानिक सल्लागार समितीपुढे ठेवावं लागे. तिच्यावर मालकांचे आणि कामगारांचे असे दोन्हीकडचे प्रतिनिधी असत.

नाव लागलं की हिरव्या रंगाचं कार्ड हातात मिळे. त्यावर एक ठरावीक मुदत असे, ती संपण्याआधी नूतनीकरण. नोंद दोन वर्गांत होई: पहिल्या वर्गात खुल्या बाजारात नोकरी करू शकणारे, दुसऱ्यात फक्त संरक्षित कारखान्यातच, म्हणजे खास अपंगांसाठी चालवलेल्या कारखान्यातच, काम करू शकणारे. दुसऱ्या वर्गासाठी सरकारने 1945 मध्ये एक वेगळी कंपनीच काढली. ती पुढे ‘रेम्प्लॉय’ या नावाने ओळखली गेली आणि तिचा पहिला कारखाना 1946 मध्ये वेल्समधल्या ब्रिजेंडला सुरू झाला.

प्रशिक्षण

कार्ड मिळालं म्हणजे लगेच नवा धंदा शिकायला पाठवत, असं नाही. महिनोन्‌महिने खाटेवर पडलेल्या माणसाला आठ तास उभं राहायची सवयच राहिलेली नसते. म्हणून मधली एक पायरी होती, औद्योगिक पुनर्वसन. लंडनजवळच्या एगमला 1943 मध्ये त्याचं पहिलं निवासी केंद्र सुरू झालं. काही आठवड्यांचा मुक्काम, सकाळी व्यायाम, मग खऱ्याखुऱ्या वर्कशॉपमध्ये काम. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि डीआरओ हे सगळे मिळून बघत की या माणसाला नक्की कशात टाकावं. इथे परीक्षा किंवा प्रमाणपत्र काही नव्हतं. दिवसभर काम करायचा दम परत येणं, एवढंच उद्दिष्ट.

त्यानंतर खरं प्रशिक्षण. ते सरकारी प्रशिक्षण केंद्रांत धडधाकट लोकांच्या बरोबरीने होई, आणि ज्यांना राहण्याची वेगळी सोय लागे त्यांच्यासाठी लेदरहेड, एक्सेटर अशा ठिकाणी निवासी कॉलेजं होती. फी नव्हती. उलट शिकण्याच्या काळात भत्ता मिळे, आणि घरी बायकोपोरं असलेल्या माणसाच्या दृष्टीने सगळ्यात आधी विचारायची गोष्ट तीच असे. दृष्टी गेलेल्यांची वाट वेगळी. त्यांच्यासाठी 1915 पासून ‘सेंट डन्स्टन्स’ ही संस्था होती, जी स्वतःही अंध झालेल्या आर्थर पिअर्सन या वृत्तपत्रमालकाने काढली. तिथे ब्रेल, टंकलेखन, टेलिफोन ऑपरेटरचं काम आणि मसाज शिकवत. कृत्रिम पाय बसवून घ्यायचा तर रोहॅम्प्टनचं रुग्णालय, तेही पहिल्या महायुद्धापासूनचं.

एक सल्ला त्या काळच्या कुठल्याही जाणत्या कारकुनाने दिला असता: नवं शिकण्याआधी जुनी नोकरी परत मिळते का ते बघा. 1944 चाच आणखी एक कायदा सैनिकाला युद्धापूर्वीच्या मालकाकडे परत जायचा हक्क देत होता. त्यासाठी लेखी अर्ज करावा लागे, तोही सुटल्यावर काही आठवड्यांच्या आत. जुनं काम जखमेमुळे झेपत नसेल तर शक्य त्यातलं चांगलं दुसरं काम देणं मालकाला भाग होतं. मुदत चुकली तर हक्क गेला.

मालकावर काय बंधन होतं?

ज्याच्याकडे 20 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला आहेत त्याला 3 टक्के जागा हिरवं कार्डवाल्यांना द्याव्या लागत. 200 कामगारांच्या गिरणीत सहा. जहाजावरच्या खलाशांसाठी हे प्रमाण अवघं 0.1 टक्का होतं, कारण उघड आहे. कोटा भरलेला नसताना नोंदणीकृत माणसाला वाजवी कारणाशिवाय काढता येत नसे. नियम मोडला तर 100 पौंडांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. याशिवाय 1946 मध्ये दोन कामं पूर्णपणे राखून ठेवली गेली: विजेच्या लिफ्टचा चालक आणि कार पार्कचा राखणदार. या राखीव कामांवर तेव्हाही टीका झाली आणि ती योग्यच होती. व्याख्येत ‘अनुभवाला आणि पात्रतेला साजेसं काम’ म्हणायचं आणि राखून ठेवायची ती लिफ्टच्या दारातली जागा, यात मेळ बसत नाही.

अंमलबजावणीही ढिली पडत गेली. कोटा भरत नसेल आणि योग्य उमेदवार मिळत नसेल तर मालकाला परवाना काढून धडधाकट माणूस घेता येई. हे परवाने नंतर सर्रास दिले जाऊ लागले. खटले इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. 1950 च्या सुमारास नोंदवहीत नऊ लाखांहून जास्त नावं होती, नंतर ती घटत गेली. कार्ड दाखवून फायदा होतोच असं नाही, मग दाखवा कशाला, असा साधा हिशेब लोकांनी केला.

पेन्शनचं थोडक्यात

टक्केवारीचा तक्ता इथे लागू. पूर्ण अंधत्व म्हणजे 100 टक्के, बाकीच्या इजा त्याखाली. 20 टक्क्यांच्या खाली असेल तर नियमित पेन्शनऐवजी एकरकमी रक्कम. 1943 मध्ये मोठा बदल झाला: जखम किंवा आजार लष्करी नोकरीमुळे झाला हे सिद्ध करायची जबाबदारी सैनिकावरून काढून, तो नोकरीमुळे झाला नाही हे दाखवण्याची जबाबदारी मंत्रालयावर टाकली. निर्णय पटला नाही तर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील.

भारतीय सैनिकांचं काय?

वर सांगितलेली यंत्रणा ब्रिटनमधल्या सेवायोजन कार्यालयांवर उभी होती. त्याच युद्धांत लढून गावी परतलेल्या मराठा किंवा महार जवानाच्या ती कामाची नव्हती. त्यांच्यासाठी 1917 मध्ये मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झालं. ते पुढे पुण्याजवळ खडकीला हलवलं आणि आजही तिथे जखमी जवानांना तांत्रिक शिक्षण देतं. पुण्यातच 1944 मध्ये कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झालं. अंध जवानांसाठी डेहराडूनला 1943 मध्ये सेंट डन्स्टन्सच्या धर्तीवर वसतिगृह निघालं. पण मालकावर सक्ती करणारा, 1944 सारखा कायदा इथे त्या पिढीला मिळाला नाही.

ब्रिटनने आपला 3 टक्क्यांचा कोटा 1995 च्या भेदभावविरोधी कायद्याने मोडीत काढला. त्याच वर्षी भारताने पहिला अपंग व्यक्ती कायदा केला आणि त्यात सरकारी नोकऱ्यांसाठी 3 टक्के आरक्षण घातलं, जे 2016 च्या कायद्याने 4 टक्के झालं. मात्र त्यासाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. म्हणजे दोन बोटं गेलेला सुतार आणि दोन बोटं गेलेला हिशेबनीस आपल्या वैद्यकीय मंडळापुढे गेले, तर दोघांना एकाच मापाने मोजलं जातं.