ए की डी? पायच्या कॅमेऱ्याची केबल लांबवताना होणारा घोळ

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, रास्पबेरी पायच्या (एका बोर्डावर मावणाऱ्या छोट्या संगणकाच्या, थोडक्यात 'पाय'च्या) कॅमेऱ्याची लांब, पट्टीसारखी चपटी केबल मागितली, की काउंटरवरून दोन प्रश्न येतात. किती पिनची? किती लांब? तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि कॅमेरा जळतो तो नेमका त्याच्यापायी: दोन्ही टोकांच्या पिना पट्टीच्या एकाच बाजूला हव्यात की उलट बाजूंना?

पिनांचं आधी उरकून घेऊ, कारण तिथली चूक निरुपद्रवी आहे. पहिल्या पायपासून पाय ४ पर्यंतच्या मोठ्या बोर्डांवर कॅमेऱ्याचं सॉकेट १५ पिनचं, १ मिमी पिचचं (पिच म्हणजे दोन पिनांमधलं अंतर). त्याची पट्टी १६ मिमी रुंद. कॅमेरा सॉकेट असलेले झीरो (पायचे छोटे बोर्ड) आणि पाय ५ यांवर २२ पिन, ०.५ मिमी पिच, पट्टी ११.५ मिमी. अधिकृत कॅमेरा मॉड्यूल १, २, ३ आणि एचक्यू यांच्या बाजूला मात्र १५ पिनाच. म्हणजे झीरो किंवा पाय ५ असेल तर एका टोकाला २२ आणि दुसऱ्याला १५ अशी केबल लागते. चुकीची आणली तर ती नीट बसणारच नाही. फार तर ग्रँट रोडची एक खेप फुकट. पाय ५ च्या अधिकृत केबल २००, ३०० आणि ५०० मिमीच्या मिळतात. घेताना तिच्यावर 'कॅमेरा' छापलंय ना ते बघा. 'डिस्प्ले' छापलेली दिसायला तशीच असते, पण आतली जोडणी वेगळी.

आता खरा घोळ. पट्टी टेबलावर सपाट ठेवा, पीळ न घालता. एका टोकाच्या चकचकीत पिना वर दिसतायत आणि दुसऱ्या टोकाच्याही वरच दिसतायत, तर ती टाइप ए. एकीकडे पिना आणि दुसरीकडे निळं प्लास्टिक वर असेल, तर टाइप डी. कॅमेऱ्यासोबत येणारी १५ ते १५ पिनची मूळ केबल ए असते. पाकिटावरच्या अक्षरावर मात्र विसंबू नका, उलट बाजूच्या केबलला काही विक्रेते 'बी' म्हणतात. दुकानातच पाकीट उघडून बघायला मागा.

ए च्या जागी डी आणली, की एका टोकाला पिना सॉकेटमधल्या पत्र्यांकडे न येता प्लास्टिककडे येतात. तशीच खोचली तर काहीच चालत नाही, आणि ते बरंच. पण माणूस काय करतो? 'उलटी लागली वाटतं' म्हणत ते टोक फिरवून पुन्हा खोचतो. आता पिना टेकतात, पण डावीकडची तार उजवीकडे गेलेली असते. १५ पिनांच्या सॉकेटात पहिली पिन ग्राउंड (शून्य व्होल्ट) आणि पंधरावी ३.३ व्होल्टचा सप्लाय. क्रम उलटला की पायचे ३.३ व्होल्ट कॅमेऱ्याच्या ग्राउंडवर आणि ग्राउंड सप्लायवर. पॉवर दिली की पुढचं सांगायला नको.

(पट्टी घडी घालून कोपऱ्यातून वळवली तर मात्र क्रम बदलत नाही. घडीला घाबरू नका. घडीचा काठ नखाने दाबून धारदार करू नका, एवढंच.)

जोडपट्टी वापरून दोन केबल एकापुढे एक लावल्या, की हिशेब एक पायरी वाढतो. जोडपट्टी म्हणजे पाठीला पाठ लावलेली दोन सॉकेट असलेला छोटा बोर्ड. त्यावरच्या तारा सरळसोट असतील तर ती नुसती सांध्यासारखी वागते: ए अधिक ए चालतं, डी अधिक डी सुद्धा चालतं, कारण दोनदा उलटलेलं सुलट होतं. ए अधिक डी केली की मेलं. पण काही बोर्डांवर पिन नंबरला नंबर जोडलेला असतो, एकला एक, पंधराला पंधरा. सॉकेट पाठीला पाठ असल्यामुळे तिथे तारा आडव्या ओलांडून जातात, आणि मग नेमकी ए अधिक डी हीच जोडी बरोबर ठरते. बोर्ड उजेडात धरून तारा बघितल्या तर बहुधा कळतं.

नाही कळलं, तर मल्टीमीटर. कॅमेऱ्याच्या बोर्डावर १, ४, ७ आणि १० या चारही पिना ग्राउंड असल्याने आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. आधी मूळ छोटी केबल कॅमेऱ्याला लावा. पायकडचं टोक मोकळं ठेवा, पिना तुमच्याकडे, टोक वर. मीटर कंटिन्युटीवर (जोडणी असली की बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवून प्रोबला टाचणी धरा आणि शोधा: कोणत्या कडेपासून पहिली, चौथी, सातवी, दहावी एकमेकींशी बीप देतात? डावी की उजवी, लिहून ठेवा. आता तीच तपासणी लांबवलेल्या जोडणीवर, टोक तसंच धरून. बीप त्याच कडेपासून सुरू झाला तर क्रम बरोबर. विरुद्ध कडेपासून आला तर पायजवळ नेऊही नका. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते न केल्याने नवा कॅमेरा घ्यावा लागतो.

खोचताना पायची पॉवर काढलेली हवी. पाय ३ आणि ४ वर निळी बाजू इथरनेटकडे. कॅमेऱ्यावर पिना बोर्डाकडे. सॉकेटचं लॉक दोन्ही कडांनी सारखं उचला, एका बाजूने ओढलं की कान तुटतो.

किती लांबवावी? गॅलरीच्या ग्रिलवर कॅमेरा आणि आत टेबलावर पाय, किंवा मखराच्या टाइमलॅप्ससाठी वरून लटकवलेला कॅमेरा, एवढ्यासाठी अर्धा मीटर ते एक मीटर सहसा पुरतं. एकसंध केबल मिळत असेल तर जोडपट्टी नकोच, प्रत्येक सॉकेट हा सिग्नलच्या वाटेतला एक खड्डा असतो. मॉड्यूल २ प्रत्येक डेटा जोडीवर (चित्र वाहणाऱ्या तारांच्या जोडीवर) सेकंदाला ९१२ मेगाबिट पाठवतो आणि फ्रेम रेट कमी केला तरी हा वेग तोच राहतो. म्हणून 'फोटो कमी घेतो, मग चालेल' ही पळवाट इथे नाही. एक मीटरच्या पुढे एचडीएमआय वायरवरून नेणारा अडॅप्टर संच बरा, कारण त्या वायरीत पीळ दिलेल्या, शील्ड केलेल्या चार जोड्या असतात. फक्त त्यातून जातो तो कॅमेऱ्याचा सिग्नल. ती वायर चुकूनही टीव्हीत खोचू नका. त्याहून दूर जायचं असेल तर झीरोच कॅमेऱ्याजवळ ठेवून वायफायने चित्र आणलेलं स्वस्त पडतं.

बिघाड कुठे आहे ते लक्षणांवरून कळतं. पाय दाखवतो त्या कॅमेऱ्यांच्या यादीत कॅमेराच दिसत नसेल तर १३ आणि १४ या संथ (कॅमेऱ्याला हुकूम देणाऱ्या) तारा किंवा ३.३ व्होल्ट टेकत नाहीत: टोक तिरकं बसलंय, लॉक उघडं आहे किंवा पिना काळवंडल्यात. आपल्या खाऱ्या हवेत हे शेवटचं पावसाळ्यानंतर हमखास होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने टोक पुसा. कॅमेरा यादीत दिसतो पण चित्र मागितलं की टाइम-आउट येतो, किंवा रंगीत रेघा येतात, तर संथ तारा ठीक आहेत आणि वेगवान जोड्या हरतायत. तिथे केबल छोटी करणं हाच इलाज. आणि मॉड्यूल १ किंवा २ असेल तर केबलला दोष देण्याआधी सेन्सरच्या पट्टीचं बोर्डावरचं इवलंसं चौकोनी सॉकेट अंगठ्याने दाबून बघा. ते हलकेच उचकटलेलं असतं आणि 'टक्' आवाज करून बसतं.