कौतुक आणि उभारी: दोन्ही गोड, पण काम वेगळं

उत्तरायणाला वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या कुठल्याही गच्चीवर चढून बघा. पतंग कापला की अख्खी गच्ची "काय्पो छे!" म्हणून ओरडते, थाळ्या बडवल्या जातात, पिपाण्या वाजतात. पण पेच लागलेला असतो तेव्हा पतंगवाल्याच्या मागे फिरकी धरून एक जण उभा असतो. त्याचं लक्ष आभाळापेक्षा दोऱ्याच्या ताणाकडे असतं. ढील कधी सोडायची आणि कधी गुंडाळायचं, एवढंच तो बघतो. गच्चीचा जल्लोष म्हणजे कौतुक आणि फिरकीवाला करतो ती उभारी.

"आजपासून आजूबाजूच्यांना रोज प्रोत्साहन द्यायचं" असं ठरवणारे आपण बहुतेक वेळा जल्लोषच वाढवतो. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा, ऑफिसात "मस्त!", घरी जेवताना "सरस झालंय!". यात वाईट काही नाही. फक्त ते कौतुक आहे आणि कौतुकाला आधी काहीतरी पुरं व्हावं लागतं. भाजी झाली, निकाल लागला, ऑर्डर मिळाली, मग आपण तोंड उघडणार. माणसाची खरी दमछाक होते ती त्याच्या आधीच्या दिवसांत, आणि तेव्हा आपण गप्प असतो.

व्यायामशाळेत मल्लखांबावर नवी मुलं साधी आढी शिकत असतात, तिथे हा फरक उघडा दिसतो. एरंडेल लावून गुळगुळीत झालेला खांब, त्याला हातांनी धरून पाय वर टाकायचे, पायांची पकड बसली की डोकं खाली. नऊ वर्षांचा मुलगा धडपडतोय. कडेच्या बाकावरून आई म्हणते, "शाब्बास बाळा! किती हुशार!" सर खांबाजवळ उभे आहेत, एक हात मुलाच्या पाठीमागे, पण टेकवलेला नाही. "उजवा पाय बसला. आता डावा आण. घाई नाही, मी इथेच आहे." पोरगं घसरून गादीवर येतं. आता आईची पंचाईत. शाब्बास म्हणावं असं काही घडलेलं नाही, म्हणून ती "असू दे रे" म्हणते आणि पाण्याची बाटली पुढे करते. सरांचं बोलणं मात्र अडत नाही. "काल उलटा झालास की लगेच सुटत होतास. आज पकड बसली होती, गुडघा ढिला पडला म्हणून घसरलास. हात पूस, परत ये."

दोन्ही ओळखायला यापेक्षा चांगली कसोटी मला सुचलेली नाही: काम फसलं तरी ते वाक्य बोलता येतं का? येत असेल तर ती उभारी. कौतुकाला यश लागतं, उभारीला लक्ष लागतं.

मुलांच्या बाबतीत या फरकावर गाजलेले प्रयोग आहेत. कोलंबिया विद्यापीठातल्या क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी ते १९९८ साली प्रसिद्ध केले. पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. नंतर काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटलं. पुढचं कोडं निवडायची वेळ आली तेव्हा हुशार ठरलेल्यांपैकी बहुतेकांनी सोपं, हमखास जमेल असं मागितलं. मेहनतीबद्दल ऐकलेल्यांनी शिकायला मिळेल असं मागितलं. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली आणि त्यानंतर पुन्हा पहिल्याइतकीच सोपी. हुशार म्हटलेली मुलं आता पहिल्यापेक्षा खाली घसरली. आणखी एक गोष्ट मला जास्त बोचते: आपले गुण लिहून कळवायला सांगितलं तेव्हा त्यांच्यातल्या दहापैकी जवळपास चौघांनी ते फुगवून लिहिले. मोठ्या माणसाने दिलेलं बिरुद टिकवायला पोरांनी खोटेपणा केला. याच धाग्यातलं नेदरलँड्समधलं संशोधन २०१४ साली आलं. आत्मविश्वास कमी असलेल्या मुलांना "अप्रतिम! कमाल!" असं वाढवून सांगितलं, तर ती पुढचं अवघड काम टाळतात. गंमत अशी की मोठी माणसं नेमकं अशाच मुलांना वाढवून सांगतात.

हे वाचून आपल्याकडच्या आजोबांना आनंद होईल. "तोंडावर कौतुक करू नये, पोर शेफारतं" हे ते कधीपासून म्हणताहेत! पण आजोबांनाही मी सोडणार नाही. मराठी घरांत कौतुकाचा जो कंजूषपणा चालतो, त्याला या प्रयोगांचा आधार नाही. लेकीला चांगले मार्क पडले ते शेजाऱ्यांना कळतं, मामाला फोनवर कळतं, फक्त तिला "उरलेले कुठे गेले?" एवढंच ऐकू येतं. झाओ आणि एप्ली या दोन संशोधकांनी २०२१ साली दाखवलंय की रोज कुणाचं कौतुक केलं तर ते शिळं होईल, कृत्रिम वाटेल, असं बोलणाऱ्याला वाटत राहतं. ऐकणाऱ्याला मात्र तसं वाटत नाही. एका आठवड्यात रोज एक चांगलं वाक्य कानावर आलं, तरी त्याचा आनंद ओसरला नाही. तेव्हा कौतुक कराच. फक्त त्याला उभारीच्या जागी बसवू नका.

उभारीचाही एक नकली प्रकार असतो. "तू करशीलच, माझा पूर्ण विश्वास आहे!" ऐकायला छान. पण मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्या पोराला हे रोज ऐकवलं, की त्याच्या डोक्यावर अभ्यासाबरोबर तुमचा विश्वासही येऊन बसतो. त्याऐवजी "आज कुठलं प्रकरण अडलंय?" हे विचारणं जास्त कामाचं, आणि उत्तर आलं की दहा मिनिटं शेजारी बसणं त्याहून. खुशामतीबद्दल लिहीत नाही, ती करणारा आणि ऐकणारा दोघंही ती ओळखून असतात.

बोलण्यापलीकडची उभारी कशी असते, त्याचा दाखला याच शहराच्या इतिहासात आहे, आणि ती कुठे अपुरी पडते त्याचाही. सयाजीराव गायकवाडांनी (राज्यकाळ १८७५ ते १९३९) १९०६ साली संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्यांनी आधी कॉलेजसाठी महिना २५ रुपये आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंड, अशी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. हुशार विद्यार्थ्याची पाठ थोपटणारे पुष्कळ असतात, महाराजांनी पुढच्या पायरीचा खर्च उचलला. पण शिकून आल्यावर, १९१७ साली, संस्थानच्या नोकरीसाठी आंबेडकर बडोद्यात आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. रात्रीच्या गाडीची वाट बघत ते कामाटी बागेत बसून राहिले. तिथे चांगल्या शब्दांची उणीव होती असं म्हणणं हा पोरकटपणा होईल. ती अस्पृश्यता होती. मात्र एवढं कळतं की दरबारातून आलेली शिष्यवृत्ती कितीही मोठी असली, तरी माणूस रोज ज्यांच्यात राहतो त्या शेजाऱ्यांची आणि कचेरीतल्या लोकांची जागा ती भरून काढू शकत नाही. उभारी रोजची का लागते, ते इथे समजतं.

आता सवयीचं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. सवय टिकते ती आधीच्या ठरलेल्या कामाला बांधली तर. "दिवसभरात कुणाला तरी चार चांगले शब्द" हे संकल्प म्हणून ठीक, पण ते संध्याकाळपर्यंत विसरलं जातं. "दुपारी डबा उघडला की समोरच्या माणसाला त्याच्या चालू कामाबद्दल एक गोष्ट विचारायची" हे टिकतं.

एक माणूस, त्याच्या कामातली डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट, एक वाक्य. एवढं पुरे. पाहिलेलं नसेल तर बोलू नये, "छान चाललंय" म्हणून वेळ मारून नेण्यापेक्षा "कसं चाललंय, दाखव ना" बरं. आणि वाक्यात "पण" घालू नये. सासूबाईंनी "पोळ्या छान झाल्यात गं, पण..." असं म्हटलं की सूनबाईंना "पण"नंतरचंच ऐकू येतं. "या खेपेला पुरण पार कडेपर्यंत पोचलंय, कणीक सैल भिजवलीस वाटतं" यात गोड शब्द एकही नाही. तरी ते ऐकून ती पुढची पोळी लाटायला घेते, कारण कुणीतरी तिच्या हाताकडे नीट बघितलंय.

कुणापासून सुरुवात करावी? मुलांना आणि कनिष्ठांना उभारी द्यायची हे कुणालाही सुचतं. वरच्या माणसांचा विचार सहसा होत नाही. साहेबांना, सासऱ्यांना, वर्षानुवर्षं तेच काम करणाऱ्या काकूंना कोण काय म्हणणार? खंडेराव मार्केटात भाजीवाल्यासमोर मोबाईल धरून पहिल्यांदा पैसे पाठवू बघणाऱ्या आजी मी पाहिल्यात. मागे उभा नातू "दे इकडे, मी करतो" म्हणून फोन ओढून घेतो. त्याने दोन्ही हात खिशात घातले, "आकडा बरोबर टाकलास आजी, आता पिन" एवढं म्हटलं आणि भाजीवाल्याला "एक मिनिट हं" करून थांबवलं, की झालं.