पट्ट्या की लगदा? हॅलोविनच्या मोठ्या राक्षसासाठी पेपर माशे

हॅलोविनला मुलांबरोबर चार फुटी राक्षस करायचा ठरला की पहिला घोटाळा नावातच होतो. ‘पेपर माशे’ हे एकच नाव दोन वेगळ्या कामांना चिकटलेले आहे. एकात कागदाच्या पट्ट्या खळीत बुडवून सांगाड्यावर थरावर थर चढवतात. दुसऱ्यात कागद भिजवून, कुस्करून त्याचा लगदा करतात आणि तो मातीसारखा थापतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘चावलेला कागद’, म्हणजे खरे तर लगदाच. पण अमेरिकेत मुलांच्या हस्तकलेत पेपर माशे म्हटले की सहसा पट्ट्याच पुढे येतात. मराठी घरात मात्र आधी लगदा आठवतो: वाटलेल्या मेथ्या घालून मडक्यावर थापलेली टोपली, नाहीतर साच्यातला गणपती. म्हणून परदेशातल्या मराठी पालकांचा हात आधी लगद्याकडे जातो आणि राक्षस तिथेच फसतो.

टोपलीला आतून मडके धरून ठेवते, गणपतीला साचा. लगदा पातळ थापला जातो आणि आधार सुटेपर्यंत बराचसा वाळलेला असतो. चार फुटी राक्षसाला असा साचा नसतो, असतात ते पोकळ खोके. लगद्यातला कागद स्वतःच्या कोरड्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो. असा ओला लगदा खोक्यावर थापला की आधी पुठ्ठा भिजून मऊ होतो, मग पोट आत जाते आणि दुसऱ्या दिवशी मान कलते. शिवाय लगदा वाळताना आक्रसतो. खालचा पुठ्ठा तेवढा आक्रसत नाही, म्हणून भेगा पडतात.

तेव्हा अंग पट्ट्यांचे आणि लगदा फक्त चेहऱ्याला, नखांना, चामखिळींना. मोठ्या राक्षसाचे गणित एवढेच.

सांगाड्यासाठी पोटाला मोठा खोका, डोक्याला लहान खोका, हातांना गिफ्ट रॅपच्या पुठ्ठ्याच्या नळ्या. पायांना दुधाचे रिकामे प्लास्टिकचे गॅलन-कॅन घ्या आणि त्यांत निम्म्यापर्यंत वाळू भरा, नाहीतर पोर्चवरच्या वाऱ्यात राक्षस आडवा होईल. जोडायला मास्किंग टेपच हवी. पार्सलची चकचकीत टेप अधिक घट्ट धरते, पण तिच्यावर खळ टिकत नाही आणि वाळल्यावर कागद पापुद्र्यासारखा सुटतो. गुळगुळीत जाहिरातपत्रकेही त्याच कारणाने बाद, साधे वर्तमानपत्र घ्या. सांगाडा हलवून पाहा. कोरडा असताना जो सांधा डुगडुगतो, तो कागद लावल्यावर भक्कम होत नाही, ओला झाला की आणखी सैल होतो.

खळ शिजवलेली बरी. १ कप मैदा १ कप गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, ४ कप उकळत्या पाण्यात ओता आणि २-३ मिनिटे ढवळत ठेवा. पातळ कस्टर्डइतकी झाली की उतरवून पूर्ण गार करा. न शिजवलेली खळही चिकटते, पण ती गुठळ्यांची होते. शिवाय कच्च्या मैद्यात रोगजंतू असू शकतात आणि लहान मुले बोटे तोंडात घालतातच. चमचाभर मीठ बुरशी थोडी लांबवते. जास्त मीठ घालू नका, ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि कागद चिकटच राहतो.

पट्ट्या फाडाव्यात, कापू नयेत. फाटलेली कड विरळ असते, म्हणून शेजारच्या पट्टीत मिसळून जाते. कात्रीची कड रंगाखालीसुद्धा रेघेसारखी दिसते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे. मुलांना ती दिशा एकदा दाखवली की ढीगच्या ढीग तयार होतो. रुंदी इंच-दीड इंच. गोल भागावर याहून रुंद पट्टीला सुरकुत्या पडतात. पट्टी खळीत बुडवा आणि दोन बोटांच्या चिमटीतून ओढून जादा खळ निथळू द्या. मुले नेमकी हीच पायरी गाळतात, म्हणून ती एका मोठ्या माणसाकडे असलेली बरी. एक थर आडवा, पुढचा उभा, असे ४ थर; दोन थरांमध्ये निदान एक दिवस. एकदम चारही चढवले तर वरचा थर कडक होतो, आतला ओला राहतो आणि आठवड्यात कुबट वास येतो. ऑक्टोबरातल्या गार, दमट तळघरात तर हमखास. पंखा लावा. फुगा वापरला असेल तर त्याला उन्हात किंवा हीटरजवळ नेऊ नका. आतली हवा फुगते-आक्रसते आणि ओल्या कवचाला पोचे पडतात.

पंख आणि कान सपाट पुठ्ठ्याचे असतात. त्यांना एकाच बाजूने कागद लावला तर वाळताना ते त्या बाजूला पन्हाळीसारखे वळतात. दोन्ही बाजूंना सारखेच थर द्या आणि खाली जाळी ठेवून वाळवा.

अंग खणखणीत वाळल्यावर लगद्याची पाळी. ओळखायची खूण: हात लावल्यावर गार लागले तर आत ओल आहे. कागदाचे इंचभर तुकडे रात्रभर भिजवा, भरपूर पाणी घालून मिक्सरमधून काढा, फडक्यात पिळा. मूठभर दाबल्यावर पाणी टपकू नये, पण गोळा फुटूही नये. असा लगदा ३ वाट्या, पांढरा गोंद १ वाटी, मैदा अर्धी वाटी, पुरणासारखे मऊ होईपर्यंत मळा. टॉयलेट पेपरचा लगदा अधिक तलम होतो आणि त्याला मिक्सर लागत नाही. घाईच्या घरी तोच घ्या.

एका वेळी पाव इंचाहून जाड थर नको. मोठे नाक किंवा भुवई हवी असेल तर आधी चुरगळलेल्या कागदाचा गोळा टेपने बसवा आणि लगदा फक्त वरून लावा. अर्धा इंच जाडी वाळायला आठवडा लागू शकतो आणि मध्ये बुरशी धरते. भेग पडली तर घाबरू नका, पातळ लगदा आत दाबा आणि पुन्हा वाळू द्या. दात आणि नखे आधी वेगळी वळून, वाळवून मग गोंदाने चिकटवली तर वाकत नाहीत. तीन-चार वर्षांच्या मुलांना पट्ट्यांपेक्षा लगदा जास्त आवडतो, त्यांच्याकडे चामखिळी सोपवा. त्या बिघडूच शकत नाहीत.

हिशेब असा: पट्ट्यांना ५ दिवस, लगद्याला ४ ते ७, रंगाला २. म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी १४-१५ ऑक्टोबरला सांगाडा उभा असायला हवा.

गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री उभे राहणारे नरकासुर पाहिले तर तिथेही कामाची विभागणी अशीच दिसते: अंगाला सांगाडा, गवत आणि कागद, कलाकुसर मुखवट्यावर. पण नरकासुर पहाटे जाळायचाच असतो, त्याला पावसाची चिंता थोडीच. पोर्चवरच्या राक्षसाला काही दिवस काढायचे असतात आणि पाणी लागले की पट्ट्या आणि लगदा दोन्ही विरघळतात. बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक रंग दोन हात द्या, तळव्यांनाही. पाणी बहुतेकदा तिथूनच चढते. खाली विटा किंवा लाकडी फळी ठेवा. डोळ्यांत उजेड हवा असेल तर बॅटरीचे एलईडी दिवे लावा, मेणबत्ती अजिबात नाही; आत सगळा कोरडा कागद आहे.