कलारसास्वाद की कलेचा इतिहास? ऑनलाइन अभ्यासक्रम निवडण्याआधी

ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या यादीत ‘कलारसास्वाद: प्राथमिक ओळख’ आणि ‘कलेचा इतिहास: प्राथमिक ओळख’ ही नावे बहुतेक वेळा एकाखाली एक असतात. दोन्हींच्या पानावर तीच मोनालिसा असते आणि व्हॅन गॉगचे तेच चांदण्यांनी भरलेले आकाश. पूर्वतयारीची अट दोन्हीकडे नसते आणि ब्रश कुठेच हातात धरावा लागत नाही. त्यामुळे नाव नोंदवताना कुणी फारसे खोलात जात नाही. तिसऱ्या आठवड्यात मात्र कुरबुर सुरू होते. कुणाला चित्र बघायला शिकायचे होते आणि समोर सनावळ्या आल्या. कुणाला परीक्षेसाठी कालखंड आणि शैली हव्या होत्या आणि इथे एकाच चित्रासमोर अर्धा तास बसवून ठेवले.

चित्रे तीच असली तरी त्यांना विचारायचे प्रश्न वेगळे. रसास्वादाचा प्रश्न असा: समोर नेमके काय दिसते आहे, आणि माझ्यावर जो परिणाम होतो तो त्यातल्या कशामुळे? इतिहासाचा प्रश्न असा: हे कुणी, केव्हा, कुणासाठी, कशाने केले, आणि हे आपल्याला कशावरून कळते? पहिल्यात पुरावा चित्राच्या चौकटीत शोधायचा, दुसऱ्यात बराचसा चौकटीबाहेर.

एकच चित्र दोन्ही वर्गांत नेऊन बघू. फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रॉयगलचे ‘बर्फातले शिकारी’, १५६५ सालचे, लाकडी फळीवर तैलरंगात, ११७ × १६२ सेंटिमीटर. ते व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे आणि त्याची मोठी, स्पष्ट प्रतिमा नेटवर सहज मिळते.

रसास्वादाच्या वर्गात सुरुवात मोजदादीने होते. डावीकडे तीन शिकारी, तिघेही आपल्याकडे पाठ करून उताराकडे निघालेले. त्यांच्या मागे कुत्र्यांचा कळप, बऱ्याच कुत्र्यांच्या माना खाली. एकाच्या खांद्यावरच्या भाल्याला एक कोल्हा लटकतो आहे. दिवसभराची शिकार तेवढीच दिसते. खाणावळीची पाटी एकाच आकड्यावर कशीबशी लोंबकळते आहे. पानझड झालेल्या झाडांचे काळे बुंधे एकामागून एक लहान होत जातात आणि नजरेला उतारावरून खाली गोठलेल्या तळ्यांपर्यंत घेऊन जातात. तिथे मुंगीएवढी माणसे बर्फावर खेळताहेत. आकाश आणि तळी यांना एकच हिरवट राखाडी छटा दिली आहे. ऊब आहे ती डावीकडच्या जाळात आणि घरांच्या विटकरी भिंतींत. आता दरीवर पंख पसरून तरंगणारा पक्षी बोटाने झाकून बघा. दरी उथळ वाटायला लागते. बोट काढले की ती पुन्हा खोल होते. चित्रकाराने तो पक्षी तिथे का ठेवला याचे उत्तर तुम्ही कुठलेही पुस्तक न उघडता मिळवलेले असते, आणि रसास्वादाच्या अभ्यासक्रमाला नेमके हेच शिकवायचे असते.

इतिहासाच्या वर्गात हेच चित्र एकटे येत नाही. ते ॲंटवर्पचा व्यापारी निक्लास योंगेलिंक याच्यासाठी केलेल्या ऋतूंच्या मालिकेतले. त्या मालिकेतली पाच चित्रे आज उरली आहेत: तीन व्हिएन्नात, एक प्रागमध्ये, एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. मूळ किती होती? १५६६ मध्ये योंगेलिंकने एका कर्जासाठी आपली चित्रे तारण म्हणून दिली. त्या कागदपत्रात ब्रॉयगलची १६ चित्रे नोंदली आहेत आणि त्यांत ‘बारा महिने’ असा उल्लेख आहे. त्यावरून बारा चित्रे होती की दर चित्रात दोन महिने धरून सहा, असा वाद आहे. बहुतेक अभ्यासक सहा मानतात. महिन्यामहिन्याची कामे रंगवण्याची रीत त्याआधीच्या सचित्र प्रार्थनापुस्तकांत होतीच. आणि चित्रात मागे दिसणारे डोंगराचे कडे? ब्रॉयगलचा मुलूख, म्हणजे आजचे बेल्जियम-नेदरलँड्स, सपाट. डोंगर त्याने पाहिले ते इटलीच्या प्रवासात आल्प्स ओलांडताना. रसास्वादाचा विद्यार्थी लिहील की कड्यांमुळे थंडी अधिक बोचरी वाटते. इतिहासाचा विद्यार्थी लिहील की हे दृश्य कुठल्याही एका जागेचे नाही. दोघांचेही बरोबर आहे, पण एकाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेत लिहिले तर गुण जातात.

म्हणून शीर्षकावर जाऊ नका. ‘रसास्वाद’ नाव लावून गुहाचित्रांपासून आजपर्यंतचा प्रवास कालक्रमाने सांगणारे अभ्यासक्रम भरपूर आहेत; तो हलका केलेला इतिहासच असतो. खरी ओळख दोन ठिकाणी पटते. पहिले, अभ्यासक्रमातल्या धड्यांची नावे. रेषा, आकार, छटा, अवकाश, पोत, रचना अशी नावे असतील किंवा ‘जागा’, ‘ओळख’, ‘रोजच्या वस्तू’ असे विषय असतील, तर तो रसास्वाद. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचा म्हणजे मोमाचा ‘मॉडर्न आर्ट अँड आयडियाज’ हा कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचा अभ्यासक्रम असाच विषयवार बांधलेला आहे. रेनेसाँ, बरोक, इम्प्रेशनिझम अशी कालखंडांची आणि शैलींची रांग दिसली तर तो इतिहास. दुसरे ठिकाण, आणि आमच्या मते जास्त भरवशाचे, म्हणजे गृहपाठ. ‘एक कलाकृती निवडा आणि तिचे दृश्य विश्लेषण लिहा’ असे असेल तर रसास्वाद. ‘प्रतिमा ओळखा, कलाकार, काळ, माध्यम सांगा’ असे असेल तर इतिहास. पाठांतराचा अंदाज हवा असेल तर एवढे पुरे: अमेरिकेतल्या शाळकरी मुलांसाठी असलेल्या एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) कलेतिहास परीक्षेची यादीच २५० कलाकृतींची आहे. रसास्वादाच्या छोट्या अभ्यासक्रमात वीसपंचवीस चित्रे नीट पाहून झाली तरी काम झाले.

दोन्हींचा अभ्यास करण्याची रीतही उलटसुलट आहे. रसास्वादाचा व्हिडिओ सलग बघायचा नाही. चित्र पडद्यावर आले की शिक्षकांनी तोंड उघडण्याआधी थांबवायचे, तीन मिनिटे आवाज बंद, आणि कागदावर दिसेल ते दहा ओळींत लिहायचे. एकदा स्पष्टीकरण कानावर पडले की डोळा तेवढेच शोधतो, आणि तुमचे स्वतःचे पाहणे कायमचे हातचे जाते. इतिहासाचा व्हिडिओ आधी पूर्ण ऐकावा, मग प्रत्येक कलाकृतीचे एक कार्ड करावे: कलाकार, नाव, साल, माध्यम, आकार, सध्याचे ठिकाण, आणि ती त्याच काळाची का, याचे एक कारण. ते कारण न लिहिता फक्त साल पाठ केले तर महिन्याभरात १६४२ आणि १६२४ एकमेकांत मिसळतात.

रसास्वादाच्या गृहपाठात घसरण कुठे होते ते ठरलेले आहे. एडमंड फेल्डमन यांनी मांडलेल्या चार पायऱ्या बहुतेक ठिकाणी शिकवतात: वर्णन, विश्लेषण, अर्थ, मूल्यमापन. विद्यार्थी पहिलीवरून थेट चौथीवर उडी मारतो. ‘बर्फाचे दृश्य आहे. फार सुंदर आहे.’ मधल्या दोन पायऱ्यांवरच गुण असतात. दुसरी घसरण म्हणजे चरित्राची भर: चित्राविषयी काही सुचेना की व्हॅन गॉगने कापलेला कान येतो. तिसरी, रंगांचा शब्दकोश: लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख. याला उपाय साधा आहे. प्रत्येक विधानाशेजारी ‘कशावरून?’ लिहा आणि उत्तरात चित्रातली जागा दाखवा. ‘शिकारी दमलेले वाटतात’ हे विधान. ‘माना खाली, पावले बर्फात रुतलेली, एकच कोल्हा’ हे त्याचे कशावरून. गृहपाठ सहविद्यार्थी तपासणार असतील तर गुण कशाला किती हे सांगणारा तक्ता आधी वाचा आणि परिच्छेद त्याच क्रमाने लावा. तपासणारा तक्ता हाताशी धरूनच वाचत असतो.

पडद्यावर कला शिकताना एक गोष्ट दोन्हीकडे गोत्यात आणते: आकार. जपानी चित्रकार होकुसाईची ‘मोठी लाट’ हा सुमारे २५ × ३७ सेंटिमीटरचा लाकडी ठशाचा छाप, मांडीवर ठेवून बघता येईल एवढा. पिकासोचे ‘गेर्निका’ जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद. मोबाइलवर दोन्ही तळहाताएवढीच. म्हणून लाटेचे माप वर्तमानपत्रातून कापा आणि गेर्निकाचे माप सुतळीने जमिनीवर आखून तिच्या कडेने चाला. बहुतेक खोल्यांत ती मावत नाही, आणि ती मावत नाही हे कळणे हाच धडा.

रंगांसाठी पडद्याचा रात्रीचा पिवळसर मोड आणि आपोआप कमीजास्त होणारा उजेड बंद करा. प्रतिमा संग्रहालयाच्या संकेतस्थळावरूनच घ्या. इतरत्र फिरणाऱ्या प्रतिमांच्या कडा कापलेल्या असतात आणि रंग भडक केलेले असतात. पहिली दहा मिनिटे झूम करू नका. झूममध्ये तपशील मिळतो पण रचना निसटते. अंधार-उजेडाची मांडणी कळत नसेल तर डोळे किलकिले करून बघा, किंवा फोनच्या फोटो संपादनात रंग शून्यावर आणा. मग ५ × ७ सेंटिमीटरच्या चौकोनात फक्त काळे, करडे आणि पांढरे असे तीन डाग भरून मांडणी उतरवा. चित्रकला येण्याची गरज नाही. पाच मिनिटे पुरतात.

आता जिथे दोन्ही वाटा एकमेकींत शिरतात ती जागा. रेम्ब्रांचे ‘रात्रपहारा’ हे शहराच्या रक्षक पलटणीचे समूहचित्र, १६४२, आम्सटरडॅमचे राइक्सम्युझियम. रसास्वादाच्या शिस्तीने बघणारा म्हणेल की कप्तान आणि त्याचा सहायक जवळजवळ मध्यभागी उभे आहेत, म्हणून मांडणी स्थिर आहे. निरीक्षण अचूक, निष्कर्ष चुकीचा. १७१५ मध्ये हे चित्र नगरभवनात हलवताना जागेत बसावे म्हणून चारही बाजूंनी कापले. डावीकडचा सुमारे ६० सेंटिमीटरचा पट्टा गेला. कापण्याआधी खेरिट लुंडेन्सने केलेली लहान नक्कल उपलब्ध आहे. तिच्यात ती जोडी मध्याच्या उजवीकडे सरकलेली दिसते आणि पलटण डावीकडे चालू लागल्यासारखी वाटते. नावातली ‘रात्र’सुद्धा रेम्ब्रांची नाही, काळवंडलेल्या वार्निशमुळे ती मागाहून चिकटली. डोळ्यांनी कितीही वेळ बघितले तरी कापलेला पट्टा दिसणार नाही. तो फक्त इतिहास दाखवतो.

तरीही एकच निवडायचा असेल आणि मागे परीक्षा नसेल, तर आधी रसास्वाद घ्या. बघण्याची सवय नसताना वाचलेला इतिहास चित्रांविना लक्षात राहतो, म्हणजे राहतच नाही. रसास्वादाच्या पाचसहा आठवड्यांत एखादे चित्र तुम्हाला पुन्हा पुन्हा खेचून घेईल. ते ज्या काळातले असेल तेवढ्याच काळाचा इतिहास पुढे घ्या, गुहाचित्रांपासून सुरुवात करण्याचा हट्ट नको. स्मार्टहिस्टरी या संकेतस्थळावर कालखंड आणि प्रदेशवार छोटे धडे मोफत आहेत, त्यांतून हवा तो तुकडा उचलता येतो. परीक्षा किंवा पुढचा प्रवेश डोळ्यांसमोर असेल तर क्रम उलटा: इतिहास घ्या, पण आठवड्याला एक चित्र कार्ड न करता, नुसते बघण्यासाठी राखून ठेवा.