शरीराची हालचाल आणि ताल ऐकणं

ताल फक्त कानाने ऐकला जात नाही, अंग कसं हलतंय त्यावरसुद्धा तो कसा ऐकू येणार हे ठरतं. समजा 6 मात्रांचा, म्हणजे सारख्या अंतराच्या 6 ठोक्यांचा, ठेका चाललाय आणि कुठल्याच मात्रेवर जोर नाही, तर तो दादरा तालासारखा 3-3 चा पण वाटू शकतो आणि 2-2-2 चा पण, आवाज दोन्ही वेळा अगदी तोच असतो.

ह्यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग 2005 चा. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर ह्यांनी 7 महिन्यांच्या बाळांना असाच बिनजोराचा ठेका 2 मिनिटं ऐकवला, आणि ऐकवताना काही बाळांना दर दुसऱ्या मात्रेला उचलून झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर जोर दिलेले दोन्ही ठेके वाजवले तर ज्या चालीवर बाळ झुललं होतं तोच ठेका ते जास्त वेळ ऐकत राहिलं. डोळ्यांवर पट्टी बांधली तरी तेच, पण दुसऱ्या कुणाला झुलताना नुसतं बघितलं तर मात्र काहीच फरक पडला नाही. म्हणजे स्वतःचं अंग हलायलाच हवं! मला ह्या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

मोठ्या माणसांवरही पुढे असंच दिसलं. त्यात डोकं हलणं महत्त्वाचं, नुसते पाय हलवून भागत नाही. कारण कानाच्या आतल्या भागात ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच तोल सांभाळणारी यंत्रणा असते आणि डोकं हललं की ती लगेच मेंदूला कळवते. 2009 मध्ये तर माणसाला न हलवता तोलाच्या ह्या नसेला मात्रेवर हलका विजेचा झटका दिला, तरी ज्या मात्रांवर झटका बसला त्यांवर जोर असल्यासारखाच ठेका ऐकू आला.

मेंदूच्या स्कॅनमध्ये असंही दिसतं की आपण गप्प बसून ठेका ऐकत असलो तरी हालचालीचे भाग जागे असतात. बोटाने ठेका धरून ऐकलं तर शेवटचा ठोका किंचित पुढेमागे झालेला जास्त नीट पकडता येतो. गाण्याच्या क्लासमध्ये हातावर टाळी-खाली (खाली म्हणजे टाळी न वाजवता नुसता हात बाजूला नेणं) देत ताल धरायला लावतात ना, ती मुलं ताल मोजतात तशीच तो अंगानेही ऐकत असतात, आणि मैफिलीत समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, श्रोत्यांची मान आपोआप खाली येते तेव्हा हलतं ते डोकंच.