विजय हजारे की मुश्ताक अली?

"ऋतुराज गायकवाडने मुश्ताक अलीत एका ओव्हरला सात सिक्स मारले होते ना?" हे वाक्य इतक्यांदा कानावर आलंय की आता दुरुस्त करायचाही कंटाळा येतो. मुश्ताक अलीत नाही हो, विजय हजारेत. अर्थात घोळ होणं साहजिक आहे. दोन्ही स्पर्धा बीसीसीआयच्या, दोन्हींत तेच राज्यांचे संघ, चेंडू पांढराच आणि निकालही त्याच दिवशी.

फरक षटकांचा. विजय हजारे करंडक ५० षटकांचा, २००२-०३ पासून चालू. सय्यद मुश्ताक अली करंडक २० षटकांचा. ही स्पर्धा २००६-०७ मध्ये सुरू झाली. नावं दोन्हींना नंतर मिळाली.

त्या नावांतच एक गंमत आहे. दोघेही जुने क्रिकेटपटू. मुश्ताक अली इंदूरचे, होळकर संघाचे. हजारे मात्र आपल्या सांगलीचे. १९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ केल्या आणि त्या वर्षी प्रा. दि. ब. देवधरांच्या संघाने रणजी जिंकली. पुढे हजारे बडोद्याचेच झाले. असो. तर महाराष्ट्राच्या संघाने मुश्ताक अली करंडक २००९-१० मध्ये जिंकला. घरच्या माणसाच्या नावाचा करंडक जवळ आला तो २०२२-२३ मध्ये, आणि तेव्हाही अंतिम सामन्यात सौराष्ट्राने तो नेला.

ते सात षटकार त्याच मोसमातले. अहमदाबादला उत्तर प्रदेशविरुद्ध उपांत्यपूर्व सामना, ४९ वं षटक. एक नोबॉल पडला, त्यालाही षटकार, म्हणून सात. एका षटकात ४३ धावा. सगळ्यांना आठवतं ते हे षटक. मला त्याआधीची ४८ षटकं मोठी वाटतात. सलामीला आलेला गायकवाड तोवर टिकून होता, म्हणून शेवटी हात मोकळे करता आले. नाबाद २२०, चेंडू १५९. टी-ट्वेंटीत अख्ख्या संघाच्या वाट्याला १२० चेंडू येतात, म्हणजे मुश्ताक अलीत ही खेळी बसतच नाही. गोलंदाजाचंही तेच: हजारेत दहा षटकं, मुश्ताक अलीत चार. दहा टाकायची म्हणजे पहिला स्पेल फसला तरी दुसऱ्यात सावरायला जागा असते.

मुश्ताक अलीला मी आयपीएलचं अंगण म्हणतो. इम्पॅक्ट प्लेअरचा, म्हणजे सामना चालू असताना एक खेळाडू बदलण्याचा नियम आधी इथे २०२२ मध्ये वापरून पाहिला, मग २०२३ च्या आयपीएलमध्ये गेला. षटकात दोन बाउन्सरची मुभाही याच वाटेने गेली. फ्रँचायझींची माणसं इथे वही घेऊन बसतात. त्याच्याही आधीची पायरी म्हणजे राज्याची स्वतःची लीग. २०२३ मध्ये पुण्याजवळ गहुंजेला महाराष्ट्र प्रीमियर लीग (एमपीएल) सुरू झाली आणि सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने नाशिककडून ५४ चेंडूंत ११७ ठोकल्या, १३ षटकारांसह. त्याच वर्षी तो महाराष्ट्राकडून मुश्ताक अली खेळला आणि डिसेंबरच्या लिलावात लखनौने त्याला घेतलं. जून ते डिसेंबर, सहा महिने! रणजीच्या वाटेने इतक्यात कुणी कुठे पोचत नाही.

हजारे करंडकात इतकं झटपट काही मिळत नाही. २०२१-२२ मध्ये गायकवाडने पाच डावांत चार शतकांसह ६०३ धावा केल्या, संघाने पाचपैकी चार सामने जिंकले, तरी नेट रनरेटवर, म्हणजे धावगतीच्या हिशेबात, बाहेर.

आणखी एक घोळ, हा बाहेरच्या लोकांचा. 'महाराष्ट्र' म्हणजे अख्खं राज्य नव्हे. मुंबई आणि विदर्भ या स्पर्धांत वेगळे उतरतात. पालघरचा शार्दूल ठाकूर मुंबईचा, अमरावतीचा जितेश शर्मा विदर्भाकडून पुढे आलेला. त्यामुळे जानेवारी २०२५ मध्ये विजय हजारेच्या उपांत्य सामन्यात विदर्भ आणि महाराष्ट्र समोरासमोर आले. विदर्भाने ३ बाद ३८० उभारल्या. ध्रुव शोरी आणि यश राठोड दोघांची शतकं, शेवटी करुण नायरचा दणका. पाठलागात महाराष्ट्र ३११ वर थांबला. त्यात सर्वाधिक ९० अर्शिनच्या, शंभरहून थोडे जास्त चेंडू खेळून. सामना होता वडोदऱ्यात, हजाऱ्यांच्या बडोद्यात.