दंगल का झाली नाही, याचाही अभ्यास होतो! भिवंडीच्या मोहल्ला कमिट्यांची गोष्ट

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाने ९०० माणसं गेली, आणि शेजारची भिवंडी मात्र शांत होती. आता भिवंडी म्हणजे काय साधंसुधं गाव नाही, १९७० च्या शिवजयंतीला तिथे जी दंगल झाली त्यात एकट्या भिवंडीत ७८ बळी गेले, मादन आयोग नेमावा लागला, १९८४ ला परत तेच. मग ९२ ला काय बदललं?

१९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे डीसीपी म्हणून आले. त्यांनी जादा फोर्स मागवण्याऐवजी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या काढल्या, जवळपास ७०. प्रत्येकीत हिंदू-मुसलमान निम्मे निम्मे, सोबत त्या भागातला पोलीस. आणि मुख्य म्हणजे दंगल नसतानाही मीटिंगा चालूच. एरवी आपल्याकडे शांतता कमिटी कधी बसते, तर सगळं जळून झाल्यावर, आणि त्यात बसतात पुढारी! इथे उलट होतं, गल्लीतली बारीकसारीक भांडणं गल्लीतच मिटवायची. त्यामुळे "तिकडे आपल्या माणसाला मारलं" अशी आवई उठली की पलीकडच्या मोहल्ल्यात कुणाला विचारायचं हे आधीच ठरलेलं, तोंडओळख नाही तर चांगली ओळख असलेलं माणूस. अफवेचा जीव तेवढ्या वेळापुरताच असतो हो.

आशुतोष वार्ष्णेय या अभ्यासकाने हाच प्रश्न देशभर लावून बघितला. १९५० ते १९९५ च्या दंगलींची नोंद काढली तर खेड्यांत मेलेले ४ टक्केही नाहीत, आणि जवळपास निम्मे बळी फक्त आठ शहरांतले. मग त्यांनी जोड्या लावल्या, दंगलीचं अलिगढ आणि केरळातलं शांत कालिकत, दोन्हीकडे मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखंच. कालिकतमध्ये ८३ टक्के लोक म्हणाले की आम्ही नेहमी एकत्र जेवतो, अलिगढला ५४. पण माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. नुसती शेजारपाजारची दोस्ती खेड्यात पुरते, शहरात नाही पुरत. शहरात लागतात व्यापारी संघ, युनियन, क्लब, म्हणजे दोन्हीकडच्या लोकांचं पोट किंवा काम एकमेकांवर अडकलेलं पाहिजे, कारण मग दंगल झाली तर तोटा दोघांचाही होतो आणि ती थांबवायला दोघंही धावतात. ईदला शिरखुर्मा आणि दिवाळीला फराळ पाठवणं छानच, पण बाहेरून पेटवणारे आले की तेवढ्यावर भागत नाही.

यावर आक्षेपही आहेत. संबंध होते म्हणून शांतता टिकली हे कशावरून, शांतता होती म्हणून संबंध टिकले असं उलटंही असेल ना? स्टीव्हन विल्किन्सन हे दुसरे अभ्यासक तर म्हणतात की शेवटी राज्य सरकारला दंगल थांबवायची आहे का हेच महत्त्वाचं, आणि ते मतांच्या गणितावर ठरतं. मला वार्ष्णेय आणि विल्किन्सन दोघांचंही पटतं, भिवंडीत तरी कमिट्या पोलिसांनीच उभ्या केल्या होत्या ना.

आणि त्यातच या कमिट्यांची कमजोरीही आहे. अधिकाऱ्याची बदली होते, नव्या साहेबाचं प्रेम वेगळ्या योजनेवर असतं. २००६ मध्ये भिवंडीत कब्रस्तानाजवळच्या जागेवर पोलीस स्टेशन बांधण्यावरून वाद पेटला, गोळीबार झाला आणि जमावाने दोन पोलिसांना ठार केलं. हिंदू-मुसलमान तेव्हाही एकमेकांवर धावले नाहीत, तुटलं होतं ते वस्ती आणि पोलीस यांच्यातलं बोलणं.